पार्कूरला जोड कोणत्या युद्धकलेची?

टोकियोत ऑक्टोबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या विद्यमाने पार्कूरची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि भिंती, कठडे, जिने यांच्या सोबतीने वाढलेला हा प्रकार अधिकृत क्रीडास्पर्धांच्या वेळापत्रकात दाखल झाला. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनने पार्कूरला खेळ म्हणून मान्यता दिली होती, आणि अशी मान्यता देणारा तो पहिलाच देश होता. आपल्याकडे मात्र पार्कूर आले ते चित्रपटांच्या वाटेने. २००६ मधील 'कसिनो रोयाल' या बाँडपटाच्या प्रारंभी क्रेनच्या पोलादी हातांवरून पळत सुटणारा सेबास्तियाँ फुकाँ अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दृश्याने भारावलेली पिढी आता तिशी-पस्तिशीत आहे आणि तिच्या मागची पिढी उद्यानांच्या कट्ट्यांवर, मैदानांच्या कठड्यांवर घाम गाळते आहे. वर्ष-दोन वर्षे असा सराव केल्यावर यांतील बहुतेकांना एक प्रश्न पडतो. पार्कूरच्या जोडीला एखादी युद्धकला शिकावी का आणि शिकायची तर कोणती?

हा प्रश्न वरकरणी छंदवर्गाच्या निवडीचा वाटतो. पालकही तो तशाच रीतीने सोडवतात. घराजवळ जो वर्ग असेल, ज्याची वेळ शिकवणीच्या आड येत नसेल, तो ठरतो. परंतु उंचावरून उड्या मारणाऱ्या शरीरावर दुसऱ्या एका कष्टप्रद विद्येचा भार टाकताना थोडा अधिक विचार व्हायला हवा. चुकीच्या निवडीची किंमत गुडघा, मणका किंवा डोके यांपैकी कशानेही चुकती करावी लागू शकते. आणि दुसरे असे, की या प्रश्नाचे निम्मे उत्तर पार्कूरच्या इतिहासातच दडलेले आहे.

फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर हा पार्कूरचा खरा पूर्वज. १९०२ साली मार्टिनिक बेटावरील माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सेंट पिएर हे शहर बेचिराख झाले, त्यावेळच्या मदतकार्यात तो होता. केवळ कमावलेले शरीर पुरेसे नाही, ते संकटकाळी इतरांच्या कामी आले पाहिजे, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर मांडला. त्यातून साकारलेल्या त्याच्या 'नैसर्गिक पद्धती'त व्यायामाचे दहा गट होते. चालणे, धावणे, उडी मारणे, हातापायांवर रांगणे, चढणे, तोल सांभाळणे, फेकणे, उचलणे, पोहणे आणि स्वसंरक्षण. फ्रेंच सैन्याच्या अडथळ्यांच्या मार्गांवर या पद्धतीची छाप पडली. इंडोचायनात जन्मलेला रेमाँ बेल हा मुलगा युद्धाच्या धामधुमीत कुटुंबापासून दुरावला, दा लात येथील लष्करी शाळेत वाढला आणि तिथल्या अडथळ्यांच्या मार्गावर त्याने स्वतःला घडवले. पुढे तो पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. त्याचा मुलगा दाव्हिद याने पॅरिसजवळच्या लीस या उपनगरात मित्रांसह जे सुरू केले ते पार्कूर. १९९७ मध्ये 'यामाकासी' या नावाने एकत्र आलेला गट याच मुलांचा. दाव्हिद आणि फुकाँ नंतर त्यातून बाहेर पडले, तो भाग वेगळा.

आता एबेरची ती यादी पुन्हा वाचावी. पार्कूरने दहांपैकी पहिले सहा गट उचलले आणि कळसाला नेले. फेकणे, उचलणे, पोहणे आणि स्वसंरक्षण हे चार गट वाटेत गळून पडले. सिमेंटच्या वसाहतीत पोहायला पाणी नव्हते, हे समजण्यासारखे आहे. स्वसंरक्षण का गळाले, याचे उत्तर पार्कूरच्या वृत्तीत आहे. 'अ'पासून 'ब'पर्यंत शक्य तितक्या वेगाने, सहजतेने आणि इजा न होता पोहोचणे हा त्याचा गाभा. समोर माणूस उभा असेल तर त्यालाही वळसा घालून पुढे जावे, ही त्याची धारणा. तेव्हा पार्कूर करणाऱ्याने युद्धकलेकडे वळणे ही पाश्चात्त्य तरुणांची नवी टूम नव्हे. गळालेले पुन्हा जोडून घेण्याचा तो प्रयत्न आहे. २००४ च्या 'बाँलियू १३' या फ्रेंच चित्रपटात तर ही वाटणी सरळ दोन नायकांत केलेली आहे. दाव्हिद बेल पळतो आणि युद्धकलांत मुरलेला सिरिल राफाएली लढतो. पडद्यावर दोन माणसे घेता येतात; प्रत्यक्षात दोन्ही कामे एकाच देहाला करावी लागतात, अडचण एवढीच.

युद्धकला शिकू पाहणाऱ्यांचे हेतू साधारणपणे तीन असतात. कोणाला नीट पडायला शिकायचे असते, कोणाला स्वतःचे रक्षण करायचे असते आणि कोणाला हवेत गिरक्या घेत लाथ झाडायची असते. तिसऱ्या हेतूला नाके मुरडण्याचे कारण नाही, पण त्याची चर्चा थोडक्यात आटोपता येईल. खरा ऐवज पहिल्या हेतूत आहे.

पडण्याचे गणित शालेय पदार्थविज्ञानाच्या पलीकडचे नाही. दोन मीटर उंचीवरून उडी मारणारा माणूस जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर असतो. तीन मीटरवरून तो साडेसत्तावीसच्या आसपास जातो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर सारे अवलंबून आहे. दोन मीटरवरून उतरताना पाय ताठ ठेवून शरीर पाच सेंटीमीटरमध्ये थांबले, तर जमिनीचा सरासरी आघात शरीराच्या वजनाच्या चाळीसपट होतो. तेच गुडघे, घोटे आणि कंबर वाकवून पन्नास सेंटीमीटरमध्ये थांबले, तर तो पाचपटींवर येतो. वेग अधिक असेल तर उरलेली ऊर्जा पुढच्या दिशेने लोळण घेऊन जिरवावी लागते. पार्कूरमधील लोळण म्हणूनच एका खांद्यावरून सुरू होते आणि पाठीवरून तिरकी जात विरुद्ध बाजूच्या नितंबावर संपते. डोके, मानेचा कणा आणि माकडहाड यांपैकी काहीही जमिनीला लागू नये, अशी ही योजना आहे.

ज्युदोतील पडण्याची विद्या याच्याशी सख्खे नाते सांगते, तरीही ती वेगळी आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुजुत्सूच्या जुन्या परंपरांतून ज्युदो घडवला, तेव्हापासून नवशिक्याला आधी पडायला शिकवण्याची रीत आहे. मागे पडणे, कुशीवर पडणे, पुढे पडणे आणि पुढे लोळण घेणे हे त्याचे प्रकार. त्यात हनुवटी छातीला टेकवलेली असते आणि हात जमिनीवर सपाट, जोरात आपटलेला असतो. त्या आपटण्याने आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरतो. गादीवर हे उत्तम चालते. फरसबंदीवर मात्र तोच हात आपटला तर मनगटाचे किंवा कोपराचे हाड शाबूत राहण्याची खात्री देता येत नाही. ज्युदो शिकलेले तरुण पार्कूर करताना पहिली चूक करतात ती हीच. उलट पार्कूर करणारे ज्युदोच्या वर्गात गेल्यावर लोळण घेऊन ताडकन उभे राहतात आणि आपल्याला सारे येते अशा समजुतीत राहतात. प्रतिस्पर्ध्याने धरून ठेवलेले असताना लोळण घ्यायला जागाच नसते, हे त्यांना पहिल्या फेकीनंतर कळते.

आणि माझ्या मते ज्युदोचे सर्वांत मोठे देणे तेच आहे. पार्कूरमध्ये माणूस स्वतःच्या मर्जीने, स्वतः निवडलेल्या क्षणी, आधी न्याहाळलेल्या जागेवर उतरतो. भिंत प्रतिकार करीत नाही, ती डावपेच लढवत नाही आणि ऐन वेळी दोन पावले मागेही सरत नाही. अपघात घडतो तो नेमका पूर्वयोजना फसल्यावर. पाय निसटतो, कठड्यावरची वाळू सरकते, दगड डगमगतो. अशा वेळी शरीर कोणत्या अवस्थेत जमिनीकडे निघेल, ते सांगता येत नाही. दुसऱ्याने आपल्याला त्याच्या मर्जीने, आपल्या नकळत शेकडो वेळा पाडणे, हाच त्याचा सराव. तो सराव एकट्याने होत नाही. त्याला पाडणारा माणूसच लागतो.

ऐकिडोतील लोळण पार्कूरच्या लोळणीच्या अधिक जवळची आहे. तीत हाताचे आपटणे कमी आणि गोलाई जास्त असते. ज्यांची चाळिशी जवळ आली आहे किंवा ज्यांचे सांधे आधीच कुरकुरत आहेत, त्यांच्यासाठी ऐकिडो हा सौम्य पर्याय ठरतो. परंतु ऐकिडोच्या बहुतेक शाळांत जोडीदार सहकार्य करीत असतो आणि केव्हा पडायचे ते उभयतांना ठाऊक असते. त्यामुळे नकळत पडण्याचे शिक्षण त्यात तुलनेने थोडे. ब्राझीलियन जुजुत्सूत झटापट खरीखुरी असते, मात्र तिचा मोठा भाग जमिनीवर गेल्यानंतरचा असतो. दमसास, पकड आणि घाबरून न जाण्याची सवय यांसाठी ते उपयुक्त आहे. पडण्यासाठी तितकेसे नाही.

पडणे ही किरकोळ बाब नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीवरून दिसते. जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. नेदरलँड्समधील नायमेखन येथे तर वृद्धांसाठीच्या प्रशिक्षणात युद्धकलांमधील पडण्याची तंत्रे समाविष्ट करण्यात आली. विशीतल्या मुलाने गादीवर कमावलेली ही सवय पन्नास वर्षांनंतर न्हाणीघरातील ओल्या फरशीवर त्याच्या उपयोगी पडावी, ही अपेक्षा अगदीच अवास्तव नाही.

तथापि ज्युदोची शिफारस करताना जपानचा अनुभव दडवून चालणार नाही. १९८० च्या दशकापासून सुमारे तीन दशकांत जपानमधील शालेय ज्युदोत शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले आणि २०१२ मध्ये माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा त्यावर मोठे वादळ उठले. बळी पडलेल्यांत नवशिक्या विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय होती आणि मागच्या बाजूला पाडणाऱ्या फेकीत डोके आपटून मेंदूत रक्तस्राव होणे हे प्रमुख कारण होते. पडण्याचे शिक्षण पुरे होण्याआधीच मुलांना फेकले जात होते, असा याचा अर्थ. फ्रान्समध्ये ज्युदो अफाट लोकप्रिय आहे, तेथील महासंघाच्या नोंदणीकृत सदस्यांची संख्या पाच लाखांच्या वर आहे; पण तिथे ज्युदो शिकवणाऱ्याला सरकारी पदविका बंधनकारक करणारा कायदा १९५५ सालीच झाला. विद्या तीच असली तरी ती कोणाच्या हाती आहे, यावर तिचे गुण-दोष ठरतात.

लाथा-बुक्क्यांच्या कलांचा हिशेब वेगळा आहे. तायक्वांदो, कराटे, मुए थाय किंवा मुष्टियुद्ध यांनी अंतराचे भान येते, पायांची चपळाई वाढते, मार सोसण्याची आणि चुकवण्याची तयारी होते. पार्कूर करणाऱ्यांना तायक्वांदोचे आकर्षण अधिक, कारण त्यातील उड्या आणि गिरक्या ओळखीच्या वाटतात. माझा आक्षेप इथेच आहे. पार्कूरचा सर्वाधिक ताण घोटा, टाचेमागचा स्नायुबंध आणि गुडघ्याची वाटी यांवर येतो. आठवड्यातील तीन दिवस याच अवयवांनी कठड्यांवरून उतरायचे आणि उरलेले तीन दिवस त्यांनीच शेकडो लाथा झाडायच्या, तर त्यांनी विश्रांती घ्यायची कधी? दहा ते पंधरा वयोगटातील, उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाजवळ दुखणे सर्रास आढळते; अशा मुलांना उड्यांवर उड्या म्हणजे दुखण्याला निमंत्रण. जोड अशी हवी की जी पार्कूरने न वापरलेले अवयव वापरील, वापरून थकलेले पुन्हा थकवणार नाही.

मुष्टियुद्ध आणि मुए थाय यांत आणखी एक धोका आहे, तो डोक्याचा. सरावातील ठोशाने मेंदूला सौम्य हिसका बसला तरी तोल, नजर आणि अंतराचा अंदाज काही दिवस बिघडलेला राहू शकतो. ऑफिसात बसणाऱ्याला तो कदाचित जाणवणारही नाही. अरुंद कठड्यावर नेमके उतरणाऱ्याला मात्र त्याची जबर किंमत मोजावी लागेल. अशा कोणत्याही माराच्या नंतर सर्व लक्षणे पूर्णपणे जाईपर्यंत आणि वैद्यकीय सल्ला मिळेपर्यंत उड्या बंद, हा नियम ज्या वर्गात पाळला जात नसेल, त्या वर्गाची पायरी पार्कूर करणाऱ्याने चढू नये. डोक्यावर मार न घेता पिशवीवर आणि पॅडवर मुष्टियुद्ध शिकवणारे प्रशिक्षक आहेत. हौस असेल त्यांनी ते शोधावेत.

स्वसंरक्षणाच्या हेतूविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. 'कोणी अंगावर आले तर' या भीतीने युद्धकला शिकणाऱ्या पार्कूरपटूकडे एक उत्तम शस्त्र आधीच असते, ते म्हणजे पळ काढण्याची क्षमता. सामान्य माणसाला जी भिंत ओलांडता येत नाही ती ओलांडून जाणारा माणूस सहसा हाती लागत नाही. कायद्याचा कलही साधारण याच बाजूला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे. पण बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि सरकारी यंत्रणेचे साह्य घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. पळून जाणाऱ्या चोराला गाठून त्याचा हात मोडणाऱ्याला आपण युद्धकला शिकलो होतो, एवढ्याने बचाव मिळणार नाही.

तरी पळणे जिथे अशक्य असते अशा जागा शहरांत कमी नाहीत. गर्दीच्या वेळची लोकल, बंद पडलेली लिफ्ट, अरुंद बोळ, रिक्षाची मागची बाजू. तिथे पार्कूरचे काही चालत नाही. तिथे कोणीतरी मनगट, दंड किंवा गळा धरलेला असतो आणि पहिले काम असते ते पकड सोडवण्याचे. मुलींच्या आणि स्त्रियांच्या दृष्टीने हा मुद्दा सैद्धांतिक नाही. ठोसे-लाथांना लागणारे अंतर गर्दीत मिळत नाही, पण तोल घालवणे, पकड तोडणे आणि स्वतःचा तोल राखून बाहेर निसटणे हे हातभर जागेतही होते. म्हणजे हिशेब पुन्हा कुस्ती-ज्युदोच्या घराण्यापाशी येऊन थांबतो. एखाद्या शाळेतील दोन दिवसांच्या 'आत्मसंरक्षण शिबिरा'ने हे साधते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. घाबरलेल्या हातांना आठवते ते शेकडो वेळा केलेलेच.

कापोएराची आणि कलरीपयट्टूची चर्चा या विषयात नेहमी होते. ब्राझीलमधील आफ्रिकी गुलामांच्या परंपरेतून आलेल्या कापोएरात हातांवर तोलणे, जमिनीलगत सरकणे आणि तालावर डुलणे यांचा असा काही मिलाफ आहे, की पार्कूर करणाऱ्याला तिथे परके वाटत नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने तिच्या वर्तुळाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. कलरीचा क्रम मला अधिक विचारपूर्वक वाटतो. आधी शरीर तयार करायचे, मग काठी, मग धातूची शस्त्रे आणि सर्वांत शेवटी रिकाम्या हाताची झुंज. जमिनीत खोल खणलेल्या मातीच्या कलरीत, प्राण्यांच्या पवित्र्यांवर बेतलेल्या हालचालींतून कंबर आणि मांड्या अशा काही मोकळ्या होतात, की ज्याला कठड्याखालून सरपटायचे आहे त्याने हेवा करावा. २०१३ च्या 'कमांडो' चित्रपटातील विद्युत जामवालच्या उड्यांमागे कलरीचेच शिक्षण होते. पण केरळबाहेर अस्सल गुरू मिळणे दुर्मीळ आणि पंधरा दिवसांत काठी हाती देणाऱ्यांचा सुळसुळाट मोठा.

मराठी वाचकाला एव्हाना आखाड्याची आठवण झाली असेल, आणि ती योग्यच आहे. कारण हाच प्रश्न आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वी उलट्या दिशेने विचारला गेला होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुढे आणला तो मल्लाला पूरक व्यायाम म्हणून. नावातच मल्ल आहे. निजामाकडून आलेल्या पैलवानांच्या आव्हानाची आणि सप्तशृंगीच्या रानातील माकडांच्या खेळांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्यातील तथ्य कितीही असो, झुंजीच्या विद्येला चढण्या-लोंबकळण्याच्या कसरतीची जोड हवी, हा तिच्यातील विचार पक्का आहे. पार्कूरपटूला युद्धकलेची जोड हवी असणे, हे त्याच विचाराचे दुसरे टोक. जमिनीवर सुमारे अडीच मीटर उभ्या, एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर मांड्यांची पकड, उलटे लटकताना सावध राहणारी मान आणि सुटताना पायांवर उतरणे यांतील काहीही पार्कूरला परके नाही. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब घडवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ती परदेशांतही या विद्येचा प्रसार झाल्यानंतर. गंमत अशी, की आपल्या मुलांना पार्कूर इंटरनेटवरून कळते आणि मल्लखांब मात्र शाळेच्या संमेलनातच दिसतो.

मल्लखांब ही युद्धकला नव्हे, पण जिथे तो चांगला शिकवला जातो तिथे कुस्तीची माती बहुधा फार दूर नसते. आणि कुस्तीत एक गोष्ट अशी आहे, जी आजच्या ज्युदोच्या वर्गात मिळणार नाही. ज्युदो १९६४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आला, वजनगट आले, दूरचित्रवाणी आली आणि नियम बदलत गेले. २०१३ पर्यंत स्पर्धात्मक ज्युदोतून पायांना हात घालून पाडण्याचे सारे डाव हद्दपार झाले. साहजिकच बऱ्याच वर्गांत ते शिकवलेही जात नाहीत. लाल मातीत पट काढणे हा तर रोजचाच व्यवहार. मातीत पडणे हे गादीपेक्षा कठीण आणि फरशीपेक्षा सुसह्य. पार्कूरपटूला हा मधला टप्पा हितकारक ठरतो. मुलींना आखाड्यांची दारे दीर्घकाळ बंद होती, ही वस्तुस्थिती आहे. मात्र मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाली, तोपर्यंत ग्रामीण भागातील अनेक तालमींनी आपली जुनी शिस्त सैल केलेली होती. शहरी मुलांची खरी अडचण वेळेची आहे. पहाटे पाचला जोर-बैठका आणि वस्तादांची 'दुसरे काही करायचे नाही' ही अट, या दोहोंपुढे पार्कूर टिकत नाही. वस्तादांशी आधीच मोकळेपणाने बोलून घेणे बरे.

स्पर्धांच्या राजकारणाचा या निवडीशी संबंध आहे का? आहे, पण पालक समजतात तसा नाही. कराटेला टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, एकदाच प्रवेश मिळाला. पॅरिस २०२४ च्या कार्यक्रमात ते नव्हते आणि लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीतही नाही. पार्कूरला तर तो प्रवेशही मिळालेला नाही. शिवाय जिम्नॅस्टिक्स महासंघाने आमचा खेळ बळकावला, ही जगभरातील पार्कूर संघटनांची तक्रार २०१७ पासून धुमसते आहे. पदकाच्या आशेने मुलाच्या जोडविद्येची निवड करणारे पालक दोन्हीकडून निराश होण्याची शक्यता अधिक. आपल्या देशात तर एकाच खेळाच्या दोन-दोन, तीन-तीन संघटना आणि त्यांचे न्यायालयीन वाद यांची परंपराच आहे. भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचे आणि तिला मान्यता कोणाची, हे विचारण्यात संकोच कसला?

विचारायचे ते आणखीही आहे. गादी किती जाड आहे आणि तिच्या कडेला भिंत किंवा खांब किती जवळ आहे, ते डोळ्यांनी पाहावे. नवशिक्यांना किती आठवडे फक्त पडायला शिकवतात, ते विचारावे. 'पहिल्याच दिवशी फेकायला शिकवतो' असे अभिमानाने सांगणारा प्रशिक्षक टाळावा. आठ वर्षांच्या मुलाची जोडी चौदा वर्षांच्या मुलाशी लावली जाते का, दुखापत झाल्यास जवळचे रुग्णालय कोणते, पालकांना बसून सराव पाहू देतात का, यांची उत्तरे पट्ट्याच्या रंगापेक्षा अधिक काही सांगतात. वर्षभरात काळ्या पट्ट्याची हमी आणि दर तीन महिन्यांनी परीक्षेचे वेगळे शुल्क, ही तर दुकानदारीची खूण. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले ज्युदो व कुस्तीचे प्रशिक्षक आपल्या शहरांत आहेत. त्यांची जाहिरात कमी असते आणि शुल्कही बहुधा कमीच.

वेळापत्रकाबाबत माझे मत असे. प्रारंभीचे तीन महिने पार्कूर आठवड्यातून दोन दिवसांवर आणावे, तेही कमरेएवढ्या उंचीखालचे. युद्धकला दोन दिवस, आणि दोहोंच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा. बोटे आणि खांदे पकडीच्या कामाला सरावेपर्यंत हातांवर लोंबकळण्याच्या कसरती कमी ठेवाव्यात. पंधरा ते पंचवीस या वयात, सांधे धड असतील तर, मी ज्युदो सुचवीन. चाळिशीच्या आसपास ऐकिडो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात राहणाऱ्याने मात्र परक्या नावाच्या वर्गाचा शोध घेण्याआधी गल्लीतल्या तालमीत डोकावून यावे. आणि मुंबईत ज्युदोचा बरा वर्ग तासाभराच्या लोकल प्रवासापलीकडे असेल, तर थकलेल्या पायांनी रात्री परतून दुसऱ्या दिवशी कठड्यावर उभे राहण्यापेक्षा घराजवळच्या व्यायामशाळेतील मल्लखांब आणि कुस्ती केव्हाही चांगली.